पायगुण

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा चालायला सारा मुलूख रस्त्यावर उतरतो. 16-17 किलोमीटर. मी दरवर्षी एकटाच जायचो. यंदा लेक नागपूरहून सुट्टी काढून आली. ती तिथं नर्स आहे. धाकटाही निघाला.

पहाटेचा पाऊस थांबला होता. दोन्ही बाजूंना डवरलेली पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी. जागोजागी चहा, केळी, पोह्यांचे द्रोण घेऊन लोक उभे, 'माउली, घ्या ना' म्हणत हातात कोंबणारे. पुढून टाळांचा आवाज येत होता आणि मागून 'गण गण गणात बोते'. मी अनवाणी होतो. अर्ध्या वाटेत टाचेला फोड आला.

लेकीनं मला निंबाखाली बसवलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. बाटलीतल्या पाण्यानं चिखल धुतला, भेगांतला गाळ कापसानं टिपून काढला. "बाबा, फोड फोडाचा नाही बरं. मी पट्टी लावून देतो." मान खाली घालून ती पट्टी कापत होती आणि मला 2017 आठवत होतं.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली. बाहेरून बोंड हिरवंगार दिसायचं. फोडलं की आत अळी, आणि कापसाची पिवळी कवडी झालेली. अळी बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही, तरी मी उधारीवर औषध आणून फवारत राहिलो. लेक बारावीला होती. एका संध्याकाळी तिनं फीचं विचारलं. मी हातातली कवडी तिच्यापुढं फेकली आणि म्हणालो, "तुह्या पायगुणानंच हे दिवस आले."

ती काही बोलली नाही. चूल पेटवायला गेली. त्यानंतर माझं ताट वाढणं, माझी औषधं आणणं, सगळं तिनं केलं, पण ते वाक्य आमच्या घरात तसंच पडून राहिलं.

आमचे आबाही रागीट होते. त्यांचं चुकलं की आठवडी बाजारातून कागदाच्या पुडीत शेव यायची. आबा पुडी माझ्याजवळ ठेवून गोठ्याकडं निघून जायचे. त्या कागदाला लागलेलं तेल मला अजून दिसतं. शेव गोड लागायची, खोटं कशाला सांगू. पण आबांच्या तोंडून एकदा तरी 'चुकलं' ऐकायची माझी आस राहूनच गेली. आबा गेले त्याला आता किती वर्षं झाली, तरी ती पुडी आठवली की गळा दाटतो.

मुलं आपल्याला कशानं आठवतील, हा विचार पन्नाशीनंतर फार येतो. शेत राहील, घर राहील, फोटो भिंतीवर लागेल. माझी आस वेगळी आहे. त्यांनी म्हणावं, बाबाचं चुकायचं, पण बाबा आपल्या तोंडानं कबूल करायचा.

पोथीत अकोलीच्या भास्कर पाटलाची गोष्ट आहे. शेतात राबणारा माणूस. पाणी मागणाऱ्या महाराजांना वाटेल ते बोलला, आणि कोरड्या विहिरीला पाणी आलेलं पाहून त्यांचे पाय धरले. लहानपणापासून ऐकतो मी ती. लोकांना विहिरीचं नवल वाटतं. मला त्या वाकण्याचं वाटतं.

लेक उठली, ओढणी झटकली. वारीत लहानमोठं पाहत नाहीत, समोर आला तो माउली. मी तिच्या पायांवर डोकं टेकवलं. ओल्या मातीचा वास आला. "बाई, पायगुणाचं बोललो होतो, ते माहं चुकलं."

"बाबा, हे काय करून रायले? उठा बरं!" तिनं दोन्ही खांद्यांना धरून मला उठवलं. तिची हनुवटी थरथरत होती. मग वारीच्या रीतीनं तीही वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

धाकटा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. त्यानं फोन खिशात घातला. पुढं चालताना हळूच विचारलं, "बाबा, ताईच्या पाया काहून पडले तुम्ही?"

मी त्याला सगळं सांगितलं. कवडी फेकली तेही, वाक्यही जसंच्या तसं. त्याला ते दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला नको होतं. तो ऐकत होता. लेक आमच्या दोन पावलं पुढं, ऐकू येईल एवढ्याच अंतरावर चालत होती.

शेगाव जवळ आलं तशी गर्दी दाटली. तिनं मागं येऊन माझा दंड धरला. "टाचेवर जोर नका देऊ. माह्यावर भार टाका."

मी टाकला.