हिट्सव्हिलच्या मागच्या खोलीत

डेट्रॉइटमध्ये लॉज फ्रीवेवरून उतरून वेस्ट ग्रँड बुलेवार्डला लागलो आणि बायको म्हणाली, "अरे, हे तर साधं घर आहे!"

घरच ते. दुमजली, पांढरं, आणि दर्शनी भागावर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. शेजारी चक्क फ्युनरल होम. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांच्या बचतीतून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी सुरू केली आणि पुढे हेच घर त्या कंपनीचं, म्हणजे मोटाऊनचं, माहेर झालं. आता तिथे म्युझियम आहे.

मी इथे यायला सतरा वर्षं लावली. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला पुण्याहून प्रोजेक्टवर आलो तो १९९९ चा हिवाळा. साडेपाचलाच अंधार, ओळखीचं कुणी नाही. ऑफिसातल्या एका वयस्कर काळ्या सहकाऱ्याने विचारलं, "गाडीत काय ऐकतोस?" काहीच नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कॅसेट. मोटाऊनचा गायक मार्विन गे, अल्बम 'व्हॉट्स गोइंग ऑन'. कव्हरवर रेनकोट घातलेला माणूस, केसांवर भुरभुरणारं बर्फमिश्रित पाणी. बाहेर पार्किंगमध्ये नेमकी तीच हवा होती.

सुरुवातीलाच गप्पा, हसणं, एकमेकांना हाका. मला वाटलं, पार्टीची गाणी. (इंग्रजी येतं म्हणजे गाण्यातलं इंग्रजी कळतं असं नाही!) मग हळूहळू कान सरावला. हा माणूस आधी आईला हाक मारतोय, मग भावाला, मग वडिलांना. धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेला. गाण्याचं बीज मोटाऊनच्याच 'फोर टॉप्स' या गायकचमूतल्या ओबी बेन्सनचं. त्याने १९६९ मध्ये बर्कलीत पोलिसांना तरुणांवर लाठ्या चालवताना पाहिलं होतं. गॉर्डीला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. जानेवारी १९७१ मध्ये हे एकच गाणं बाहेर पडलं, धडाक्याने खपलं, तेव्हा कुठे बाकीच्या अल्बमला वाट मिळाली.

म्युझियममध्ये आधी फोटो, झगमगीत पोशाख, मग वर माळ्याला पाडलेलं भोक. त्याखाली टाळी वाजवली की आवाज घुमून परत येतो; प्रतिध्वनीची सोय ही एवढीच. हे सगळं मी जरा घाईनेच पाहिलं, कबूल करतो. मला खालची खोली बघायची होती.

चार पायऱ्या उतरल्या की स्टुडिओ ए. वादक तिला 'स्नेकपिट' म्हणत, वरून लोंबणाऱ्या वायरींमुळे. आमच्या पुण्यातल्या हॉलपेक्षा थोडी मोठी असेल. गाइडने सगळ्यांना ओळीत उभं करून नाचायला लावलं. बायको उत्साहाने नाचली. मी जमिनीकडे बघत होतो. सांगतात, बेसवादक जेम्स जॅमरसनला मार्विनने बारमधून उचलून आणलं होतं. तो इतका प्यायलेला की स्टुलावर बसता येईना, मग तो पाठीवर आडवा होऊन वाजवत राहिला. माझ्या गाडीच्या दारातले स्पीकर सतरा वर्षं थरथरले ते त्या बेसने. आणि त्या सुरुवातीच्या गप्पा? त्यात डेट्रॉइट लायन्स संघाचे दोन अमेरिकन फुटबॉलपटू आहेत, मार्विनचे दोस्त. मार्विनचा दुहेरी आवाज हा तर चक्क अपघात: दोन वेगळे टेक चुकून एकदम वाजवले गेले आणि त्याला ते आवडलं.

१ एप्रिल १९८४ ला, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वडिलांनीच त्याला गोळी घातली. हे कळल्यापासून गाण्यातली वडिलांना मारलेली हाक आली की माझा हात आवाज कमी करायला जातो. कमी मात्र करत नाही.

परतताना तोच अल्बम लावला. पस्तीस मिनिटांचा, म्हणजे साधारण नोव्हायपर्यंत पुरणारा. पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा शेवटचं गाणं संपत आलं होतं आणि त्यातूनच पहिल्याची चाल परत वर येत होती. पुन्हा आईला हाक. बायकोने दाराला हात घातला होता, तो तसाच ठेवून ती बसून राहिली.