आवाज कसा येतो नको, कधी येतो ते सांगा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. वर्षभर पणजी-म्हापशात फिरलेली गाडी आता मूळ घरी, सत्तरी-पेडण्याकडे न्यायची असते, पावसाने रस्त्यांची चाळण केलेली असते, आणि कुणीतरी फोन करतं, "पुढून काहीतरी वाजतंय हो. गॅरेजला नेण्याआधी घरच्या घरी काही कळेल का?"

मी मेकॅनिक नव्हे. एकच जुनी गाडी वर्षानुवर्षं वापरतोय, एवढाच माझा अधिकार. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कळतं, बरंच कळतं. फक्त फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवू नका. तुमचं 'टक' ते माझं 'धप' असू शकतं. आवाज कधी येतो ते सांगा. एक चाक खड्ड्यात गेल्यावर, की स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढताना? ब्रेक दाबल्यावर? की गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तरी?

याची अक्कल मला रायबंदरच्या धक्क्यावर आली. चोडणला जायला फेरीबोटीच्या रांगेत होतो. धक्क्यापर्यंतच्या खड्ड्यांत गाडी नुसती टकटकत होती. मग फेरीबोटीची फळी आली, पुढची दोन्ही चाकं तिच्या कडेवर एकदम चढली, चांगला दणका बसला, आणि टक-टक नाही! आदल्याच आठवड्यात एका गॅरेजने दोन्ही शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणारे दांडे, बदलायला सांगितले होते. शॉकअप खिळखिळे असते तर या दणक्याला गप्प बसले असते का?

झालं होतं असं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी दांडी असते, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर ती नुसती फिरते. एकच चाक खाली गेलं की ती पिळली जाते आणि तो पीळ तिच्या टोकाच्या लिंक रॉडवर येतो. त्याचा गोळा झिजून सैल झाला असेल तर तो वाटीत आपटतो. तोच टक. लिंक रॉड शॉकअपच्या मानाने स्वस्तातली वस्तू. घरी बघायचा तर गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चावी काढून घ्यायची, चाकामागे हात घालून रॉड हलवायचा. एक बाजू जॅकवर उचललीत तर दांडीला ताण बसतो आणि ढिला रॉडही घट्ट लागतो. मी आधी तेच करून फसलो होतो.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'कर्र' होऊन मग 'टंग' वाजत असेल तर बॉनेट उघडा. पुतण्याला आत बसवा, त्याला स्टिअरिंग अगदी सावकाश फिरवायला सांगा, आणि शॉकअपच्या वरच्या माउंटवर, म्हणजे तो वर जिथे बसवलेला असतो तिथे, तळहात ठेवा. आतलं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळत जाते आणि एकदम सुटते. तो झटका कानाआधी हाताला कळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र बोटं घालायची नाहीत.

बाकीचं भराभर सांगतो. पूर्ण वळणावर अॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट: अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट, म्हणजे त्यावरचं रबराचं आवरण, फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का बघा. ब्रेकवर नुसता पाय टेकवला की खडखड थांबते: ब्रेक पॅड. वेगाबरोबर वाढणारी घुंई चोर्ला घाटात डाव्या वळणावर वाढते, उजव्या वळणावर उतरते: उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण डाव्या वळणावर भार उजवीकडे जातो. आणि सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, नारळ काय काय आवाज काढतात ते मी ऐकलेलं आहे.

आपल्याकडचा खास आवाज म्हणजे जुन्या पलंगासारखी करकर. ती मे महिन्यात असते आणि पहिल्या पावसात गायब होते. लोक म्हणतात, गाडी आपोआप बरी झाली. चाकाच्या दांड्यांच्या सांध्यात बसवलेला, सुकलेला रबरी बुश ओला झाला, इतकंच. यात एक युक्ती लपली आहे. उन्हाळ्यात कुणालातरी बॉनेट दाबून गाडी वरखाली करायला सांगा आणि एकेका बुशावर तांब्याने पाणी ओता. ज्यावर ओतल्यावर करकर थांबली, तो तुमचा चोर. पाण्याऐवजी तेल नको. पावसाआधी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून डिझेल-ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे सवय. मीही मारून घेतलं होतं. वर्षभरात लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश फुगून मऊ पडले, ब्रेक दाबला की 'धप'. गंजाला भिऊन रबर घालवलं.

शेवटचं तपासणं जॅकवर. पावसात चिऱ्याच्या मातीचं अंगण भुसभुशीत असतं, म्हणून जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवा: प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बहुधा स्टिअरिंगकडून चाक वळवणारे भाग, टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. 12 आणि 6 वर प्ले असेल तर बॉल जॉइंट, लोअर आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा. दोन्हीकडे सारखाच हलत असेल तर बेअरिंगचा संशय. बूट फाटून लाल चिखल आत गेला की बॉल जॉइंट झपाट्याने झिजतो. इथे स्पष्ट प्ले लागला तर ती गाडी गावी न्यायची नाही, गॅरेजपर्यंतही चालवायची नाही. टोइंगवाल्याला बोलवा, गावी बसने जा.

बाकी आवाजांसाठी गॅरेजला जाल तेव्हा "शॉकअप वाजतोय" म्हणू नका, नाहीतर शॉकअपच बदलून मिळतील. असं सांगा: "डावं चाक खड्ड्यात गेलं की वाजतं, 20 च्या वेगाला. स्पीडब्रेकरवर नाही, ब्रेकवर नाही." आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच खड्ड्यावरून एकदा फिरवून आणा. खड्डा कुठला, हे तुम्हाला एव्हाना पाठ असेलच.