तुम्ही विचारलंत म्हणून: लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची नवी मालिका टिकेल का?

कुठेतरी नव्या मालिकेची घोषणा होते आणि आठवड्याभरात माझ्याकडे शिकणाऱ्यांपैकी कुणाचा तरी निरोप येतो: ‘ताई, ही टिकेल ना? नाव घालू का?’ कुठल्याही मोठ्या कंपनीच्या छत्राखाली नसलेली, चार-पाच शहरांत एकाच वर्षी सुरू होणारी, पूर्ण अंतराची मालिका. विचारणाऱ्याचं अख्खं वर्ष या प्रश्नाला टांगलेलं असतं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं, यासाठी माणूस महिनोन्‌महिने पहाटेची झोप मोडतो, घरच्यांचे रविवार मागून घेतो. ऐनवेळी स्पर्धाच रद्द झाली तर भरलेले पैसे कदाचित परत मिळतील, ते रविवार मिळत नाहीत. म्हणून एका ओळीत उत्तर न देता नीट सांगते.

एखादी स्वतंत्र स्पर्धा टिकू शकते, पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. पहिल्याच दिवशी मालिका म्हणून जाहीर झालेल्या उपक्रमाबद्दल मात्र माझी आशा फार कमी आहे. याचं पहिलं कारण खर्चाच्या गणितात आहे.

पूर्ण अंतराच्या स्पर्धेचा बराचसा खर्च स्पर्धकांच्या संख्येवर ठरत नाही. १८० किलोमीटरचा सायकल मार्ग, मग तो दोन फेऱ्यांचा का असेना, पोलिसांच्या मदतीने तासन्‌तास बंद ठेवावा लागतो. प्रत्येक चौकात माणूस लागतो. पाण्यात जीवरक्षक, कयाक आणि मोटरबोटी लागतात, कारण या खेळातले जिवावर बेतणारे प्रसंग बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात घडतात. तिथे काटकसर करणाऱ्या आयोजकाकडे मी कुणालाही पाठवणार नाही. रुग्णवाहिका, वैद्यकीय तंबू, विमा, राष्ट्रीय संघटनेची मान्यता, टायमिंगची यंत्रणा, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पाळ्यांनी उभे राहणारे स्वयंसेवक. शेवटच्या माणसाला साधारण सतरा तासांची मुदत द्यायची, तर हे सगळं सतरा तास चालू राहायला हवं. दोन हजार स्पर्धक आले तर हा खर्च माणशी पेलण्याजोगा होतो. तीनशे आले तरी रस्ता तेवढाच बंद करावा लागतो आणि बोटीही तेवढ्याच लागतात. पहिल्या वर्षी नव्या स्पर्धेला बहुधा तीनशेच येतात. एका ठिकाणचा तोटा एखादा जिद्दी आयोजक सोसून नेईल. पाच ठिकाणी एकदम तोटा झाला तर दुसरं वर्ष उजाडतच नाही.

मग लोक म्हणतात, आयर्नमॅनला, म्हणजे या अंतराच्या सगळ्यांत प्रसिद्ध मालिकेला, कसं जमलं? तर त्यांनाही ते एका वर्षात जमलेलं नाही. १९७८ साली हवाईत ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याच्या कल्पनेतून पहिली स्पर्धा झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. हवाईतल्याच दुसऱ्या बेटावरच्या कोनाला स्पर्धा गेली ती १९८१ मध्ये. पुढच्याच वर्षी अंतिम रेषेजवळ कोसळून सरपटत गेलेली ज्युली मॉस अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसली आणि नाव घरोघर पोहोचलं. आधी एक स्पर्धा, मग एक दंतकथा, आणि मग त्या दंतकथेत प्रवेश मिळवण्यासाठी जगभरच्या पात्रता स्पर्धा, असा तो क्रम होता. मालिका हे त्यातलं शेवटचं पाऊल. २०१५ मध्ये चीनच्या वांडा समूहाने आयर्नमॅन चालवणारी कंपनी सुमारे ६५ कोटी डॉलरला घेतली आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅडव्हान्सने सुमारे ७३ कोटींना. ही किंमत मला तरी त्या नावाची आणि विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेतल्या जागांची वाटते. पाण्यावरचे तरंगते पोंटून आणि कमानी कुणालाही विकत मिळतात.

नव्या आयोजकाकडे त्या जागा नसतात. म्हणून तो म्हणतो, आम्ही स्वस्तात देऊ, आम्ही स्पर्धकाला जास्त मान देऊ. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण आयुष्यात एकदाच पूर्ण अंतर करणारा माणूस शुल्कातल्या फरकाकडे फारसा बघत नाही. सायकल, प्रवास, मुक्काम यांवर त्याने त्याच्या कितीतरी पट खर्च केलेला असतो. त्याला ते नाव हवं असतं, कार्यालयात सांगितल्यावर समोरच्याला कळणारं. मी यासाठी कुणाला नावं ठेवत नाही. इतक्या कष्टानंतर ते दुसऱ्याला समजावं असं वाटणं स्वाभाविक आहे.

रेव्ह-थ्रीचं उदाहरण मला म्हणूनच चटका लावतं. अमेरिकेत २००९ साली सुरू झालेली ही स्वतंत्र मालिका मनापासून विचार करून उभी केलेली होती. कनेक्टिकटमधलं क्वासी आणि ओहायोमधलं सीडर पॉइंट ही त्यांची दोन ठिकाणं म्हणजे चक्क मनोरंजन उद्यानं! बाबा किंवा आई दिवसभर रस्त्यावर असताना मुलांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांनी सोडवला होता. शेवटच्या काही मीटरमध्ये घरच्यांना सोबत घेऊन धावता यायचं. व्यावसायिक खेळाडूंसाठी बक्षिसाची रक्कमही चांगली होती. एवढं सगळं असूनही २०१४ च्या हंगामात त्यांच्या बऱ्याच स्पर्धा चॅलेंज या युरोपीय साखळीच्या नावाखाली गेल्या, आणि अमेरिकेतली ती घडीही फार काळ टिकली नाही. स्पर्धकाची काळजी कशी घ्यावी हे त्यांच्याकडून शिकावं. पण ती काळजी मालिकेला पुरली नाही.

आता रोथबद्दल बोलते, कारण माझ्या आशेचा सगळा आधार तिथे आहे. जर्मनीतल्या बव्हेरियामधलं हे लहानसं शहर. १९८४ पासून तिथे ट्रायथलॉन होत होती आणि पुढे ती आयर्नमॅन युरोप म्हणून गाजली. १९९६ मध्ये लोथार लेडरने याच मार्गावर पूर्ण अंतर पहिल्यांदा आठ तासांच्या आत पार केलं. २००१ नंतर रोथने ते नाव सोडलं, आयर्नमॅनने फ्रँकफर्टमध्ये आपली स्पर्धा सुरू केली, आणि रोथची स्पर्धा ‘चॅलेंज’ झाली. तेव्हा अनेकांना वाटलं असेल की आता संपलं. उलट आज तिथली नोंदणी उघडली की काही मिनिटांत भरते. सोलारर बर्ग या चढावर माणसांच्या दोन भिंतींमधून सायकलस्वाराला जेमतेम वाट मिळते. आयोजकांच्या सांगण्याप्रमाणे दोन लाखांहून जास्त लोक बघायला येतात. स्वयंसेवक काही हजार, आणि त्यांत आजूबाजूच्या गावांतली क्लबं वर्षानुवर्षं वाटेतलं तेच एड स्टेशन, म्हणजे खाण्यापिण्याचं ठाणं, सांभाळणारी. वेगाच्या गाजलेल्या वेळाही इथल्याच: २०२४ मध्ये पुरुषांत माग्नुस डिट्लेव्ह ७ तास २३ मिनिटं २४ सेकंद आणि महिलांत आन हाउग ८ तास २ मिनिटं ३८ सेकंद. हर्बर्ट वाल्शहोफर यांच्यानंतर त्यांचा मुलगा फेलिक्स यांनी ती पुढे नेली. स्पर्धा चालवणारं कुटुंब तिथलंच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाईट वर्ष आलं तर ते दुसऱ्या शहराकडे वळणार नाहीत, कारण त्यांचं शहर तेच आहे. चॅलेंजच्या बाकीच्या स्पर्धा या एका मुळावर वाढल्या.

यावर एक जाणकार मित्र लगेच मला पेंटिक्टनची आठवण करून देतो, आणि त्याचा मुद्दा खोटा नाही. कॅनडातल्या या शहरात १९८३ पासून २०१२ पर्यंत स्पर्धा झाली, शहराला ती जीव की प्राण होती. २०१३ पासून तिथे चॅलेंज आलं आणि आयर्नमॅन कॅनडा ही स्पर्धा त्याच देशातल्या व्हिसलरला गेली. तळं तेच, रस्ते तेच, स्वयंसेवकही बहुतेक तेच, पण स्पर्धक आटले आणि काही वर्षांतच चॅलेंज तिथून गेलं. २०२२ मध्ये आयर्नमॅन परतली, २०२३ मध्ये वणव्यामुळे रद्द झाली, आणि २०२५ पासून आयर्नमॅन कॅनडा ओटावाला आहे. म्हणजे गावाचं प्रेम असलं तरी पुरतंच असं नाही. मला दिसणारा फरक असा: रोथमध्ये नाव बदललं तरी निर्णय घेणारी माणसं गावातच राहिली, आणि वेगवान मार्ग ही दुसरीकडे न मिळणारी गोष्ट त्यांच्याकडे होती. पेंटिक्टनमध्ये एका बाहेरच्या नावाची जागा दुसऱ्या बाहेरच्या नावाने घेतली.

दुसरीकडे न मिळणारी गोष्ट म्हणजे काय, हे बघायचं तर नॉर्वेच्या नॉर्समन या स्पर्धेकडे बघा. २००३ मध्ये मूठभर लोकांनी सुरू केलेली. पहाटे फेरीबोटीवरून हार्डांगर फ्योर्डच्या थंडगार पाण्यात उडी, मग डोंगराळ रस्त्यांवर सायकल, आणि धावण्याचा शेवट गाउस्टाटोपेनच्या शिखरावर, तोही फक्त पहिल्या १६० जणांना. त्यांना काळा टी-शर्ट मिळतो. बाकीच्यांचा शेवट खाली होतो आणि त्यांना पांढरा. एकूण स्पर्धक अडीचशेच्या आसपास, आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. खर्चाची बाजू इथे फार हुशारीने सोडवलेली आहे. खाणंपिणं, कपडे, गाडी, सगळं स्पर्धकाने आणलेले मदतनीस बघतात, त्यामुळे दर काही किलोमीटरवर एड स्टेशन थाटावं लागत नाही. अडीचशे लोकांत ही स्पर्धा भागते, कारण ती मुळातच अडीचशे लोकांसाठी आखली आहे. तिच्यापासून पुढे स्कॉटलंडची सेल्टमन, स्वित्झर्लंडची स्विसमन अशा स्पर्धांची साखळी तयार झाली. मी स्वतंत्र मालिकेच्या यशाचं उदाहरण द्यायचं ठरवलं तर हेच देईन.

व्यावसायिक खेळाडूंच्या जोरावर मालिका उभी करण्याचाही एक मार्ग आहे. प्रोफेशनल ट्रायथलीट्स ऑर्गनायझेशनने २०२४ मध्ये टी-हंड्रेड मालिका आणली, १०० किलोमीटरची: २ पोहणं, ८० सायकल, १८ धावणं. मागे मोठे गुंतवणूकदार, समोर जगातले उत्तम खेळाडू. त्याच वर्षी आयर्नमॅननेही आपली प्रो सिरीज सुरू केली. खेळाडूंच्या हातात यातून जास्त पैसा आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नव्या लहान आयोजकाने हा मार्ग धरू नये. या खेळाचा खर्च आजवर मागून येणाऱ्या हौशी लोकांच्या शुल्कातून निघत आला आहे, आणि ते लोक आघाडीच्या पंधरा जणांत कोण होतं यावरून स्पर्धा निवडत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर घोषणेच्या वेळी कुणीच बोलत नाही. शुल्क वर्षभर आधी घेतात. आलेल्या पैशांतून मागच्या स्पर्धेची देणी फेडायचा मोह प्रचंड असतो, आणि मालिकेत तर एका शहराचे पैसे दुसऱ्या शहरात सहज जिरतात. नोंदणी चालू आहे तोवर सगळं सुरळीत दिसतं. २०२० मध्ये जगभर स्पर्धा बंद पडल्या तेव्हा परतावा मागणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी ‘पुढच्या वर्षी या’ एवढंच ऐकायला मिळालं, कारण पैसे केव्हाच खर्च झाले होते. आयोजक लबाड असतात असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक जण स्वतः या खेळावर जीव टाकणारे असतात, आणि तोटा होतो तेव्हा घर गहाण पडतं ते त्यांचंच. म्हणून मला वाटतं की नव्या मालिकेने शुल्क वेगळ्या खात्यात ठेवावं आणि तसं लेखी सांगावं. असं करणाऱ्या आयोजकावर मी चार शहरांच्या रंगीत नकाशापेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

तेव्हा, नाव घालू का? मी माझ्याकडच्या मुलांना काही गोष्टी विचारून घ्यायला सांगते. रस्ते बंद करण्याची परवानगी मिळाली आहे का, की ‘प्रक्रियेत’ आहे? राष्ट्रीय संघटनेची मान्यता कुणाच्या नावावर आहे? स्पर्धा रद्द झाली तर परतावा किती आणि किती दिवसांत? पाण्यावरच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाकडे? सोळा तास पन्नास मिनिटांनी येणाऱ्या माणसासाठी वैद्यकीय तंबू उघडा असेल का, त्याला गरम काही प्यायला मिळेल का? आयोजकाकडे याची उत्तरं तयार असतील तर त्याच्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत पहिल्या वर्षी खुशाल उतरा. १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची तयारी रद्द झाली तरी दुसरीकडे कामाला येते. तिथे स्वयंसेवक म्हणून गेलात तर आणखीच बरं, आतली घडी दिसते. मी स्वतः नव्या आयोजकाकडे आधी तशीच जाते. पूर्ण अंतरासाठी मात्र दुसऱ्या वर्षाची तारीख जाहीर होऊ द्या. त्याच गावात, त्याच माणसांनी ती जाहीर केली, तर मीही तुमच्याबरोबर नाव घालेन.