भाकऱ्या झाल्या की लग्न

पुण्यात लग्नं उभी करून द्यायचं काम मी बारा वर्षं करते आहे. कार्यालयं, केटरर, मांडववाले, गुरुजी, बँडवाले, सगळ्यांचे नंबर तोंडपाठ आहेत. त्या मुलीनं समोर बसून काय काय नको ते सांगायला घेतलं, तसे त्यातले बरेचसे नंबर एकेक करत गळत गेले. गुरुजी नकोत. कन्यादान नको. मानपान नको. मुहूर्त बघायचा नाही. अक्षता म्हणून तांदूळ उधळायचे नाहीत. लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावायचं आणि तारीख ठरलेली, 25 डिसेंबर. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला 24 सप्टेंबर 1873 ला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. तिला तोच दिवस हवा होता.

सगळं लिहून घेतल्यावर मी विचारलं, "बरं, आता हवं काय ते सांग."

"जे कामाला येतील त्यांना आपण काय करतोय ते माहीत असायला हवं. आणि स्वयंपाक करणारी माणसं लग्न लागताना मांडवात हवीत. मागे भांड्यांपाशी नाही."

बारा वर्षांत एकाही आचाऱ्यानं मी उभं केलेलं लग्न लागताना पाहिलेलं नाही, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आधी आम्ही एक कार्यालय बघितलं. मॅनेजर म्हणाला, केटरर आमचाच घ्यावा लागेल, डेकोरेशनही आमचंच. बाहेरचा माणूस आणलात तर त्याची रॉयल्टी भरा. गुरुजी पॅकेजमध्ये आहेत, नको असतील तर नका घेऊ, पैसे तेवढेच. बाहेर पडल्यावर मुलगी रस्त्यातच थांबली. "ताई, ओतूरलाही हेच झालं होतं." जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला एका पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं, तर गावच्या जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा लावला. मामला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूनं लागला. मी इतकी वर्षं या रॉयल्टीला धंद्याची रीत म्हणत आले होते. न केलेल्या कामाचे पैसे मागणं, याला दुसरं नाव नाही. त्या दिवसापासून रॉयल्टी मागणारं कार्यालय मी कुणालाही सुचवत नाही.

मग लग्न सासवडच्या पुढे, मुलाच्या आईच्या शेतात करायचं ठरलं. घरामागे अंजिराची बाग, पुढे मोठं खळं. फुल्यांचं घराणं कटगुणहून येऊन ज्या खानवडीत राहिलं, ती याच पुरंदर तालुक्यात, म्हणून मुलगी आणखीच खूश. जागा फुकट मिळाली, पण आता प्रत्येक माणूस सुटा शोधायचा होता.

तीन फोटोग्राफरनी पहिल्याच फोनवर यादी विचारली: कन्यादान किती वाजता, सप्तपदी किती वाजता? दोन्ही नाही म्हटल्यावर एकजण अगदी मनापासून म्हणाला, "मग ताई, मी फोटो कशाचे काढू?" त्याच्यावर मी रागावले नाही. वर्षानुवर्षं तेच चार क्षण टिपायची त्याच्या हाताला सवय झालेली. शेवटी शाळांची स्नेहसंमेलनं आणि गावच्या जत्रा काढणारी एक मुलगी सापडली. ती म्हणाली, माणसं काढता येतात मला, विधी कोणता का असेना. तिला त्याच फोनवर बयाणा पाठवला.

सनईवाल्या मामांची अडचण वेगळी होती. अंतरपाट धरला की ते सूर लावतात. अंतरपाटच नाही तर सुरू कधी करायचं? मी त्यांच्या घरी जाऊन फुल्यांची मंगलाष्टकं वाचून दाखवली. वधू-वर आपापली कडवी स्वतः म्हणतात, ती बायकांच्या स्वातंत्र्याचं बोलते, तो तिला शब्द देतो, असं सगळं समजावलं. मामा डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होते. दुसऱ्या कडव्याला डोळे उघडून म्हणाले, "अहो, चाल तर आपलीच आहे की!" मग सनई काढून हळू आवाजात पहिली ओळ वाजवून दाखवली. पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठे उचलायचं, सगळं त्यांनीच ठरवलं.

कायद्याचं काम आदल्या आठवड्यात उरकलं होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस, तीस दिवसांची मुदत, तीन साक्षीदार, सह्या. मांडव गावातल्याच पोरांनी घातला, फुलं मार्केट यार्डातून आली.

खरी काळजी जेवणाची. गावच्या बचत गटातल्या बारा बायका, पापड-कुरडया विकणाऱ्या, एकशे ऐंशी माणसांचं जेवण त्यांनी आजवर केलेलं नव्हतं. त्यांच्या अक्का म्हणाल्या, "चारशे भाकऱ्या. सहा चुली मांडू. चुलीपाशी दोघी, एक थापंल, एक भाजंल. सव्वादोन तास." वहीपेन न घेता त्यांनी हा हिशेब सांगितला. बरोबर मासवडी, भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, भात आणि बागेतली ताजी अंजिरं. बाजरीचं पीठ मात्र आदल्या संध्याकाळी दळलेलंच हवं, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. जुनं पीठ विरी जातं, भाकरी थापतानाच चिरते.

आणि नेमकी आदल्या संध्याकाळी वीज गेली. गिरणी बंद. पन्नास किलो बाजरी पोत्यात तशीच.

सकाळी साडेआठला वीज आली. पीठ शेतावर पोचलं तेव्हा सव्वादहा झाले होते, आणि पाहुण्यांना आम्ही साडेअकराची वेळ दिलेली. बाजारातून तयार पीठ आणायचं मी सुचवलं, तर अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. मी नवरीकडे गेले. ती चपला काढून मांडवातल्या सतरंज्या सरळ करत होती. म्हणाली, "मुहूर्त नाहीच ना आपला? भाकऱ्या झाल्या की लग्न लावू."

अकरापासून जो तो मला विचारत होता, लग्न किती वाजता. मी एकच उत्तर देत होते. मुलाच्या मामांना ते मुळीच पटलं नाही, ते गाडीत जाऊन बसले. पण बारानंतर मांडवातल्या बायका एकेक करून चुलींकडे सरकू लागल्या. कुणी पीठ मळायला बसलं, कुणी पाटीत भाकऱ्या रचायला. नवरीच्या आत्यानं भरजरी पदर खोचला आणि परातीपुढे बसली, पहिली भाकरी जरा जाडच झाली. फोटोग्राफर मुलगी धुरात उभी राहून हातांचे फोटो काढत होती. त्या लग्नाचे मला सगळ्यात आवडलेले फोटो तेच आहेत.

पाऊण वाजता अक्कांनी शेवटची भाकरी पाटीत टाकली, हात धुतले आणि बाराजणी येऊन पुढच्या सतरंजीवर बसल्या. मामाही गाडीतून आले.

गजरे मी सासवडच्या एका मावशींकडून घेतले होते. डिसेंबरात मोगरा कुठला, म्हणून शेवंती आणि अबोलीचे, मोजून साठ. त्या स्वतः ओंजळ भरून वाटत होत्या. मुलाच्या आईपाशी आल्या आणि थबकल्या. त्या काकूंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मावशीही विधवा, गळा मोकळा, कपाळ मोकळं. गजरा हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत काकू त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, अंबाडा पुढे करून. मावशींनी पिना तोंडात धरल्या आणि दोन्ही हातांनी गजरा माळला. रोज शेकडो गजरे करणारे ते हात, पण पिन दोनदा खाली पडली.

मग काकूंनी पाटीतला एक उचलला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही वळा."

सनई सुरू झाली तेव्हा दोघी शेजारी उभ्या होत्या. नवरीनं आपलं कडवं कागद न बघता म्हटलं. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या.

ज्याचे त्याचे पैसे मी त्याच संध्याकाळी चुकते करते, हा माझा नियम आहे. सुट्या माणसाला महिनाभर खेटे घालायला लावणं मला पाप वाटतं. मावशींचा हिशेब करताना त्या म्हणाल्या, "एकोणसाठ लिहा." मी म्हटलं, मावशी, साठ दिलेत तुम्ही. साठाचेच पैसे मोजून त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते पुन्हा मोजले, एका गजऱ्याचे माझ्या वहीत ठेवले, वही मिटली आणि डोक्यातल्या गजऱ्यावरून पदर घेऊन एसटी गाठायला निघाल्या.