टवका अपडेट: पांढरं पडायचं थांबलं!

मंडळी, बसलं एकदाचं! माझ्या क्यूच्या (बिलियर्ड्स-पूल खेळायच्या काठीच्या) बटवरचा, म्हणजे मागच्या जाड भागावरचा, जॉइंटपासून चार बोटं खालचा तो टवका, जो सुपरग्लूने भरायच्या मागे जूनपासून लागलोय, तो काल रात्री काचेसारखा भरला गेला. ट्यूबलाइटखाली फिरवून फिरवून बघितला, आतली मेपल लाकडाची रेघ न् रेघ दिसतेय, पांढरा ठिपका कुठेच नाही. हा चौथा प्रयत्न.

आधी शाफ्टचं, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाचं, सांगून टाकतो कारण ते सोपं निघालं. मधला पोचा वाफेने वर आला. ओल्या सुती फडक्याचा एकच पदर, वरून सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद टेकवायची, उचलायची, परत. तिसऱ्या वेळी बोटाला काही लागेना. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात म्हणून हे जमतं, तंतू तुटलेले असतील तर नाही, आणि फिनिश (वरचा चकचकीत थर) असलेल्या जागी वाफ आत पोचतच नाही त्यामुळे बटवर हा प्रयोग करू नका. आणि कृपा करून पोचा घालवायला शाफ्ट सँडपेपरने घासू नका, गेलेली जाडी परत येत नाही.

आता टवका. पहिल्या दोन वेळा सुपरग्लू टाकला की मिनिटाभरात आत दुधासारखं पांढरं. मी ग्लूला दोष देत बसलो, ब्रँड बदलला, ग्लू लवकर पकडवणारा अ‍ॅक्सिलरेटर स्प्रे आणला (त्याने तर बुडबुडे आले, लहान भरावाला तो स्प्रे अजिबात नको असं माझं मत झालंय). मग सावंतवाडीला चितारआळीत गेलो होतो, तिथे लाखेचं काम करणारे एक आजोबा भेटले, त्यांना बट दाखवला. त्यांनी टवक्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, "झिला, पावसात लाकूड पाणी पिता. आधी तेका सुकयत ठेव, मगे काय ता भर."

तिथेच डोक्यात प्रकाश पडला. सुपरग्लू हवेत वाळत नाही, ओलाव्याने पकडतो. आमच्या कुडाळात ऑगस्टमध्ये खोलीतलं आर्द्रतेचं मीटर ८८ टक्के दाखवतं, टवक्यात लाकूड उघडं पडलेलं, ते तितकंच दमट. थेंब पडला की लाकडाला लागलेला थर झटक्यात गोठतो आणि धुरकट होतो. म्हणजे भरायच्या आधी बट सुकवायला हवा.

आंब्याच्या पेटीत बल्ब लावून बघितला, ६८ च्या खाली जाईना. मग मासळी बाजारातून थर्माकोलचा बॉक्स आणला (तीनदा धुतला, तरी बांगड्याचा वास येतो), बट जाईल एवढं भोक पाडलं, तळाला अर्धा किलो निळी सिलिका जेल. बल्ब काढून टाकला, थर्माकोलजवळ तापलेला बल्ब नकोच. एका रात्रीत ४८. तीन दिवस बट आत ठेवला. जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर परतून घ्यायची, परत निळी होते, फक्त ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही.

तिसरा प्रयत्न. भराव आतून स्वच्छ! आणि सकाळी बघतो तर टवक्याभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं. अक्षरशः रडायला आलं. पण हे पांढरं वेगळं होतं, बोटाने पुसलं की थोडं जात होतं. ग्लू पकडताना त्याची वाफ निघते, बंद बॉक्समध्ये ती कोंडते आणि शेजारच्या फिनिशवर बसते. म्हणजे पांढरं दोन प्रकारचं: आतलं ओल्या लाकडाचं, वरचं कोंडलेल्या वाफेचं. वरचं पॉलिशने जातं, आतलं खरवडूनच काढावं लागतं. हे जूनमध्ये कळलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

कड्यासकट तो भराव काढला, इअरबडवर अ‍ॅसिटोन घेऊन. आधी बटच्या टोकाच्या रबरी बंपरखाली न दिसणाऱ्या जागी लावून बघितलं, माझ्या क्यूचं फिनिश टिकलं. लॅकर असेल तर विरघळेल, त्यामुळे ही टेस्ट केल्याशिवाय हात लावू नका. मग चौथा प्रयत्न: बॉक्समध्ये कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा, झाकण बोटभर उघडं, टूथपिकच्या टोकाने अगदी बारीक थेंब, पाच थर, दोन थरांत एक तास. झालं!

सपाट करायला ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळली, मधला अर्धा सेंटीमीटर उघडा, म्हणजे टेप फिनिशवर सरकते आणि ब्लेड फक्त उंचवटा खरवडतं. मग १५००, २०००, ३००० नंबरचा पाण्याचा पेपर (बारीक सँडपेपर), पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून घ्या. मी ऑनलाइन मागवलेल्या २००० मध्ये एक जाड कण होता, त्याने दिलेली ओरखड घालवायला पूर्ण रविवार गेला.

आता तिरक्या उजेडात भरावाची कड केसाएवढी दिसते. सुपरग्लू जुन्या फिनिशमध्ये विरघळत नाही, नुसता शेजारी बसतो, म्हणून ती रेघ राहते. ठरवलं होतं की रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणायची पेस्ट) मारून विषय संपवायचा, पण लिहिता लिहिता आठवलं, लाखकामात शेवटची चकाकी केवड्याच्या पानाने आणतात. उद्या हरतालिका, आई पूजेसाठी केवडा आणणारच आहे, तिला दोन पानं जास्त आण म्हणून आत्ताच सांगितलं. कंपाउंड थांबवलंय. आधी फिनिश लावलेल्या तुकड्यावर पान घासून बघतो, ओरखडे नाही आले तर बटवर. सिलिका पुन्हा गुलाबी झालीय, ती परतायला टाकतो.