माग

चार महिने दापोलीकडच्या एका गावात कासवमित्र म्हणून, म्हणजे समुद्री कासवांची घरटी राखायला राहिले, परवाच घरी आले. सगळे विचारतात पिल्लं किती बघितलीस, पण मला डोळे मिटले की आधी दिसतो तो कासवाचा माग. पहाटे पाचला टॉर्च घेऊन पुळणीवर निघायचं आणि वाळूत दोन-अडीच फुटांचा पट्टा वर चढलेला दिसला की झोप पार उडायची. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवीण पुढचे पर एकाआड एक टाकते, म्हणून दोन्ही बाजूच्या खुणा समोरासमोर येत नाहीत, जरा पुढेमागे पडतात. हे काकांनी दाखवलं, ते कित्येक वर्षं हे काम करतायत. घरटं नक्की कुठेय ते मात्र लवकर कळत नाही, कारण अंडी घालून झाली की मादी वाळू ओढते आणि अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटून ती थापटून बसवते. काका बारीक काठी हलकेच टोचत जायचे, भुसभुशीत लागलं की काठी बाजूला आणि पुढे फक्त हाताने उकरायचं.

पहिलं अंडं हातात घेतलं तेव्हा श्वासच रोखला गेला, पिंगपाँगच्या बॉलएवढं, पण बोटाखाली किंचित दबणारं. "जसं निघालं तसंच ठेव गो, फिरवू नको," काका म्हणाले. काही तासांत गर्भ आतून कवचाला चिकटतो, मग अंडं उलटलं तर तो मरतो. त्या घरट्यात 112 अंडी होती, सगळी टोपलीत वाळू घालून हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला राखलेल्या जागेत नेली आणि तेवढ्याच खोलीचा, तळाला फुगीर असा खड्डा करून त्यात ठेवली.

जानेवारीत एकदा आम्ही पोचायच्या आधी कोल्हे येऊन गेले होते. कवचं ओल्या कागदासारखी पसरलेली आणि भोवती पंज्यांचे ठसे. त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही चारलाच निघायला लागलो.

अंडी हॅचरीत ठेवली की साधारण पन्नास दिवस वाट बघायची. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त निघतात, म्हणून ऊन वाढलं की हॅचरीवर सावली कशी करायची यावर आमच्यात रोज चर्चा. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली होती, म्हणजे एक किनारा सोडून पार दुसऱ्या किनाऱ्यावर! हे कळल्यापासून प्रत्येक मागाकडे बघताना वाटायचं, ही बाई कुठून आली असेल.

आमची दोन घरटी अजून वाळूतच आहेत. पिल्लं वर सरकायला लागली की वरची वाळू आत बसते आणि वाटीएवढा खळगा पडतो. आज सकाळी काकांनी फोटो पाठवलाय, एकावर खळगा दिसतोय.