डी व्हिल अपडेट: रात्रीत रिकामा होणारा क्वाड्राजेट

छत आटोपलं, आता कार्पेटचं लिहीन, असं मागच्या वेळी म्हटलं होतं. कार्पेट अजून गुंडाळी करून कोपऱ्यात उभं आहे, कारण गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सुरूच होत नाही. बॅटरीचा जीव जातोय असं वाटेपर्यंत सेल्फ मारत बसायचं. मग एकदम ३०८ इंजिन जागं होतं आणि काही झालंच नाही अशा थाटात घुमायला लागतं. त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद करा, चालू करा, तक्रार नाही.

नव्यांसाठी एका ओळीत: १९७२ची स्टेट्समन डी व्हिल (जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियातल्या होल्डन कंपनीची आलिशान सेडान, एचक्यू मालिकेतली), ३०८ घनइंची लाल व्ही-८, ट्रायमॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. मुक्काम मेलबर्न. क्लब परमिटची (जुन्या गाड्यांच्या मर्यादित परवान्याची) लाल प्लेट आणि वर्षाचे दिवस ठरलेले, त्यामुळे गाडी फिरते कमी आणि उभी राहते जास्त. हा आजार नेमका उभ्या गाडीचा, तेव्हा दुष्काळात तेरावा महिना.

निदानाची पहिली पायरी सोपी होती. सकाळी एअर क्लीनर काढला, चावी न लावता थ्रॉटल हातानं ओढला आणि कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारला. ॲक्सिलरेटर पंपाची धार दिसायला हवी होती. टिपूस नाही. व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) सिरिंजनं पेट्रोल सोडलं, तर पहिल्याच सेल्फला सुरू. म्हणजे कॉइल, पॉइंट्स, प्लगच्या वायरी यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बाउलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल कुठेतरी जातंय.

कुठे, हा खरा डोक्याला शॉट. क्वाड्राजेटचं नाव काढलं की सगळे एकमुखानं ‘वेल प्लग’ म्हणतात. कारखान्यात मेन बॉडीच्या पोटात भोकं पाडली जायची आणि ती बाहेरून चकत्या ठोकून बंद केली जायची. पन्नास वर्षांनी त्या चकत्या पाझरतात आणि बाउल हळूहळू खालच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडे जाणाऱ्या नळ्यांत) रिकामा होतो. संशय रास्त आहे, पण मला पुरावा हवा होता. आधी फ्लोट, म्हणजे बाउलमधली पातळी राखणारा तरंगता तुकडा. नायट्रोफिलचा जुना फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो हे खरं, पण जड फ्लोटनं बाउल भरून वाहील, रिकामा होणार नाही. मग टाकीतून पेट्रोल आणणारा पंप. त्याचे व्हॉल्व्ह गळके असतील तर पेट्रोल मागे टाकीकडे ओढलं जाऊ शकतं. म्हणून गाडी बंद केल्यावर लाइन सोडवली आणि कार्बचा इनलेट बुच मारून बंद ठेवला. तरी सकाळी बाउल कोरडाच. पंप निर्दोष सुटला.

मग एक युक्ती सुचली आणि तिच्यावर मी अजून खूश आहे. व्हेंटमधून खाली बाउलमध्ये उतरेल अशी पितळेची अरुंद पट्टी कापली आणि तिच्यावर कानशीनं खुणा केल्या. थोडक्यात, बाउलसाठी डिपस्टिक. गाडी चांगली तापवून आणली, बंद केली आणि पातळी मोजत बसलो: लगेच, अर्ध्या तासानं, मग थोड्याथोड्या वेळानं, आणि शेवटी सकाळी. हिशेब असा की प्लग गळत असेल तर रात्रभर एकाच चालीनं गळेल, त्याला इंजिनच्या तापमानाशी देणंघेणं नाही. पेट्रोल उकळून जात असेल तर ते इंजिन गरम असेपर्यंतच जाईल, नंतर पातळी स्थिर.

निकाल काय? दोन्ही! पहिल्या तासात निम्म्याच्या आसपास गायब, आणि त्यानंतर रात्रभर संथपणे खाली. दोन चोर एकाच घरात.

मोठा चोर आधी धरला. गाडी गरम असताना बंद केली आणि लगेच घशात पाहिलं. काही मिनिटांत पेट्रोल उतू जाणाऱ्या दुधासारखं नॉझलमधून वर आलं आणि बंद थ्रॉटलच्या पाळ्यांवर ठिबकायला लागलं. कारण कार्ब उतरवल्यावर सापडलं. आधीच्या मालकानं कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये साधं पातळ कागदी गॅस्केट घातलं होतं. खाली एक्झॉस्टचा क्रॉसओव्हर (गरम धुराची आडवी वाट), म्हणजे चूल पेटलेली, आणि वर कार्ब जवळपास धातूला धातू लावून बसवलेला. त्यात आजचं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनतं. तिथं ते सतत दाबाखाली असतं, इथं उघड्या बाउलमध्ये सहज उकळतं. सध्या जानेवारी, ४० डिग्रीचे दिवस, मग विचारूच नका. (मी ९८ ऑक्टेनचंच भरतो आणि त्यात व्हॉल्व्ह सीटसाठीचं ॲडिटिव्ह. ऑस्ट्रेलियात लेडवालं पेट्रोल २००२च्या सुरुवातीलाच बंद झालं. ई-१०चा, म्हणजे दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, विचारसुद्धा नको.)

उपाय: पाव इंच जाडीचं इन्सुलेटेड गॅस्केट, बोल्टच्या भोकांत बुश असलेलं. बुश नसलेलं घेऊ नका, बोल्ट आवळताना ते चेपतं आणि कार्बची बैठक वाकडी होते. फेनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा) जाड स्पेसरही मिळतो, पण मग एअर क्लीनरचं झाकण बॉनेटला टेकतं की काय ही धास्ती. पाव इंचात निभावलं. पुन्हा गाडी तापवली, बंद केली, पट्टी घातली, आणि पहिल्या तासात पातळी जेमतेम एका खुणेनं उतरली. त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये मी एकटाच होतो, नाहीतर पेढे वाटले असते.

इथं एक चिडचिड नोंदवतो. गॅस्केटसोबत एक पूर्ण रीबिल्ड किट मागवलं होतं. जाहिरातीत ‘इथेनॉल-प्रूफ’ असं ठळक लिहिलेलं. त्यातला ॲक्सिलरेटर पंपाचा कप नुसत्या ९८मध्ये भिजून फुगला आणि पंप अर्ध्यावर अडकला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पैसे परत मिळाले. पण किट आलं की रबराचे तुकडे आधी बाटलीत आठवडाभर पेट्रोलमध्ये टाकून ठेवा, मगच बसवा. याउलट रेअर स्पेअर्स या सुट्या भागांच्या कंपनीचे दरवाज्यांचे रबर मागच्या हिवाळ्यापासून आहेत तसे आहेत.

आता छोटा चोर. सुटी मेन बॉडी पेट्रोलनं भरून तपकिरी कागदावर रात्रभर ठेवायची आणि सकाळी ओला डाग कुठे पडलाय ते पाहायचं. (गॅरेजचं दार उघडं, आसपास ठिणगी नको, वगैरे तुम्हाला ठाऊक आहे.) कागद भिजतोय तोवर कोल्हापूरच्या कॉन्टेसावाल्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर: हिच्यावर होल्डनचा बिल्ला का नाही?

फोर्डनं १९६७मध्ये झेडए फेअरलेन ही आलिशान सेडान आणली, आपल्याच साध्या फाल्कनचा १११ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ११६वर ताणून. मागे ऐसपैस जागा, बाजार हातात. होल्डननं १९६८मध्ये उत्तर म्हणून घाईनं ब्रूम ही गाडी काढली, पण व्हीलबेस १११च ठेवून फक्त डिकी लांबवली. म्हणजे जागा वाढली ती सामानाची, मागे बसलेल्या साहेबांची नाही! शहाणपण १९७१च्या एचक्यूत आलं. स्टेशन वॅगनसाठी ११४ इंची व्हीलबेस होताच, त्याच्यावर सेडान उभी केली, चारी बाजूंना कॉइल स्प्रिंग दिले आणि तिला होल्डन न म्हणता ‘स्टेट्समन’ हा वेगळाच ब्रँड केला. कस्टम आणि डी व्हिल अशी दोन रूपं, त्यातलं दुसरं नाव थेट कॅडिलॅककडून उचललेलं. टॅक्सीवाले आणि सेल्समन ज्या होल्डनमध्ये हिंडतात त्याच नावाची गाडी बँकेचा मॅनेजर कशी घेईल, हा विचार. कॉन्टेसाची आजी व्हॉक्सहॉलही जनरल मोटर्सचीच, तेव्हा दादा, आपलं नातं चुलत का होईना, आहे. ही गाडी दक्षिण आफ्रिकेत शेव्हरोले कॉन्स्टॅन्शिया झाली आणि जपानमध्ये इसुझूच्या नावानं विकली गेली, तिथं मात्र अगदी मोजकी. १९७४च्या एचजेबरोबर कॅप्रिस आली, १९८०मध्ये डब्ल्यूबी, आणि १९८४मध्ये ही ओळ थांबली. १९९०च्या व्हीक्यू स्टेट्समनवर अखेर होल्डनचा सिंह बसला. चालवायला डब्ल्यूबी सरस, एचझेडपासूनचं रेडियल ट्यून्ड (रेडियल टायरसाठी जुळवलेलं) सस्पेन्शन आहे तिला. पण दिसायला एचक्यू. यावर वाद घालायचा तर फोन करा, इथं नको.

तर कागद. सकाळी एका प्रायमरी वेल प्लगखाली रुपयाएवढा डाग, बाकी सगळं कोरडं. लोक इपॉक्सी थापतात. मीही थापणार होतो, दोन ट्यूब आणून ठेवल्या आहेत. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की एवढं सगळं उघडलंच आहे तर प्लग काढून, आटे पाडून, स्क्रूचे प्लग बसवावेत. इपॉक्सी तेलकट कास्टिंगला किती वर्षं धरेल सांगवत नाही, आणि मला हा कार्ब पुन्हा उतरवायचा नाही. टॅपिंगचं काम मात्र हातड्रिलनं नको, ओळखीच्या मशिनिस्टकडे पाठवतो.

आणखी एक. इलेक्ट्रिक पंपाला मी आजवर नाक मुरडत आलो, कारण त्यानं दुखणं लपतं. पण दुखणं काढल्यावरसुद्धा दोन महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल थोडंफार उडणारच, आणि दरवेळी कोरड्या सिलिंडरवर सेल्फ मारणं इंजिनला बरं नाही. म्हणून टाकीजवळ छोटा प्रायमिंग पंप बसवावा असं आता मनात येतंय. तो मेकॅनिकल पंपाच्या आधी, आणि बटण दाबलं तरच चालणारा, हात काढला की बंद. डॅशबोर्डला भोक पाडणार नाही, बटण ॲशट्रेच्या आत. पन्नास वर्षांत त्या ॲशट्रेचा पहिला सदुपयोग.

जाता जाता आनंदाची बातमी: बेंडिगोच्या स्वॅप मीटमध्ये ‘डी व्हिल’ची मूळ अक्षरं मिळाली, मागच्या सगळ्या पिना शाबूत. विकणाऱ्या काकांना ती मॉन्टेगो या दुसऱ्याच गाडीची वाटत होती, मी काही बोललो नाही.

कोणी अशा प्रायमिंग पंपाला मधून पेट्रोल सहज वाहू देणारा प्रकार वापरलाय का? बंद असताना जो वाट अडवतो तो मला चालणार नाही. सेकंडरी एअर व्हॉल्व्हचा स्प्रिंग किती फिरवायचा, यावर कार्ब परत बसला की भांडू.